थोरलीच्या नावावरची शस्त्रक्रिया

सरकारी आरोग्य विम्याचं पाकीट मंगळवारी आलं. थोरलीला पासष्ट पूर्ण व्हायला तेव्हा पाच आठवडे उरले होते. पाकिटात आठ पानांचा अर्ज होता, सूचनांचं पत्रक होतं आणि एक छापील पान वेगळं टाचलेलं होतं. त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं : 'आमच्याकडील नोंदींनुसार आपली माहिती. तपासून सही करावी.'

तपासणं हेच थोरलीचं काम. गुंड्यांच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. पट्ट्यावरून गुंड्या सरकत यायच्या. कड फुटलेली, भोक बुजलेलं, रंग उडालेला नग दोन बोटांनी उचलायचा आणि डावीकडच्या लाल डब्यात टाकायचा. जांभई देतानासुद्धा तिचा हात चुकत नसे. मुकादम म्हणायचा, "ब्रह्मदेवानं माणसं घडवली तेव्हा या बाई तपासणीला असत्या, तर आपल्यातले निम्मे लाल डब्यात असते."

ते पान तिने त्याच नजरेने वाचलं. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. कारखान्याचा विमा क्रमांक बरोबर. रकाना नऊ : 'पूर्वीच्या शस्त्रक्रिया : एक. पित्ताशय काढले, पोट उघडून.' पुढे अकरा वर्षांपूर्वीची तारीख आणि रुग्णालयाचं नाव.

तारीख बरोबर होती. रुग्णालयही बरोबर होतं. पोट तिचं नव्हतं.

"काय आलंय गं ताई?" शिलाई मशीनवरून मान न उचलता धाकटीने विचारलं.

"म्हातारपणाचं आमंत्रण."

"मग जाऊन ये. मला अजून चार वर्षं आहेत."

धाकटी घरी बसून शिवणकाम करायची. कपडे सैल करणं, घट्ट करणं, चेन बदलणं, उसवलेलं जोडणं. दोघी बहिणी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. थोरलीने लग्न केलं नव्हतं. धाकटीचा नवरा वारून चौदा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत मशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे, मागच्या खोलीत दोन पलंग आणि स्वयंपाकाचा ओटा.

अकरा वर्षांपूर्वी याच पुढच्या खोलीत धाकटी जमिनीवर गडाबडा लोळली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात ताप, पोटात पाण्याचा घोट ठरेना. घरी शिवणाऱ्या बाईला विमा नसतो. थोरलीला कारखान्याचा होता. तेव्हाचं विम्याचं कार्ड म्हणजे एक जाड कागद. त्यावर नाव, क्रमांक आणि कारखान्याचा शिक्का. थोरलीने ते धाकटीच्या मुठीत कोंबलं आणि म्हणाली, "आता तू मी आहेस. जन्मतारीख विचारली तर माझी सांग. चार वर्षांनी म्हातारी झालीस, एवढंच."

शस्त्रक्रिया झाली ती थोरलीच्या नावाने. थोरली उशाशी 'धाकटी बहीण' म्हणून बसली. कागदोपत्री ती स्वतःच खाटेवर होती, त्यामुळे तिलाच कामावर जाता येईना. तीन आठवड्यांनी ती कारखान्यात गेली ती पोटावर हात धरून, पावलं जपून टाकत. सहकारिणींनी फळं आणली होती.

"किती खडे निघाले हो?" एकीने विचारलं.

"एकोणीस."

हे मात्र खरं होतं. रुग्णालयाने खडे एका लहान बाटलीत घालून दिले होते, आणि ती बाटली अजूनही मशीनच्या खणात, सुट्या गुंड्यांच्या डब्यामागे होती. दोघी पुढे कितीतरी दिवस त्यावर हसायच्या. "माझं पित्त तुझ्या नावावर चढलंय," धाकटी म्हणायची, "उगाच नाही तू अशी खवळत."

हसणं थांबलं ते यंदा. पाकीट यायच्या दोन महिने आधीपासून थोरलीला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखू लागलं होतं. आधी कळ यायची, मग ती पाठीतून खांद्यापर्यंत चढायची. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. तिने ते बहिणीच्या अंगात पाहिलं होतं. ती कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी संगणकावर तिची नोंद उघडली आणि तिच्या पोटाला हातही न लावता म्हणाले, "बाई, तिथे दुखायला आता उरलंय काय? पित्ताशय तर काढलंय तुमचं. गॅस असेल." पांढऱ्या गोळ्या दिल्या. थोरलीने त्या महिनाभर घेतल्या. दुखणं होतं तिथेच राहिलं. वजन मात्र उतरलं.

त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला घाम फुटला होता. पकडलं जाण्याच्या भीतीची तिला अकरा वर्षांची सवय होती. ही भीती निराळी होती. आपलं खोटं इतकं पक्कं बसलंय की आपण मरायला टेकलो तरी डॉक्टर आपल्यापेक्षा त्याच्यावरच विश्वास ठेवतील.

धाकटीला तिने यातलं काहीच सांगितलं नाही.

*

खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमन राहायचे. इमारतीतल्या सगळ्यांचे अर्ज तेच भरायचे. "जन्मभर लोकांची पत्रं न वाचता पोचवली," ते म्हणायचे, "आता वाचून घेतोय." गुरुवारी संध्याकाळी ते चष्मा आणि स्वतःचं पेन घेऊन वर आले.

"नाव माहीत आहे. पत्ता माहीत आहे. लग्न?"

"आता विचारताय भाऊ?" थोरली म्हणाली.

"तिला नका विचारू," मशीनवरून धाकटी बोलली. "ती आधी नग तपासते आणि मग लाल डब्यात टाकते."

पोस्टमन मनापासून हसले. मग त्यांनी ते टाचलेलं पान उचललं. "हे बरं केलंय सरकारनं. आता सगळं एकाला एक जोडलंय. रुग्णालय, कारखाना, विमा. कुठेही बसून बटण दाबा, माणसाचं आतडं न् आतडं दिसतं."

मशीन थांबलं.

"रकाना नऊमध्ये शस्त्रक्रिया आहे तुमची, म्हणजे केंद्रावर डॉक्टरांपुढे जावं लागणार. व्रण बघतात, आत काही त्रास आहे का विचारतात. दोन मिनिटांचं काम."

"बघतात म्हणजे?" थोरलीने विचारलं.

"बघतात म्हणजे बघतात. डोळ्यांनी."

धाकटीने दोरा तोडला. अगदी सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "आणि समजा, एखाद्याची नोंद खोटी निघाली, तर हो?"

पोस्टमननी पान सात काढलं आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं : "'खोटी माहिती देणाऱ्याचा, तसेच त्यास साहाय्य करणाऱ्याचा विम्याचा हक्क कायमचा रद्द होऊ शकेल व कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' कायमचा बरं का. आमच्या जुन्या गल्लीत एक दूधवाला होता. साठीतच पासष्टीचा म्हणून अर्ज दिला त्यानं. आता खरोखरचा सत्तरीला आलाय, पण खिडकीवर गेला की सांगतात, तुमचं नाव बाद. म्हातारा होऊनही बिचारा म्हातारा नाही!"

या वेळी ते एकटेच हसले.

ते गेल्यावर थोरलीने पान सात पुन्हा वाचलं. पोस्टमननी वाचलं नव्हतं तेही. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती : 'नोंद चुकीची असल्यास अर्जदाराने सही करण्यापूर्वी स्वहस्ते दुरुस्ती करून कारण लिहावे.' तिने ती तीनदा वाचली. दुरुस्ती तिला सुचत होती. कारण पुढच्या खोलीत मशीनवर बसलं होतं. त्याला आज विमा नव्हता. चार वर्षांनी मिळायचा होता. ते नाव या ओळीखाली लिहिलं की तोही गेला.

आणि काहीच केलं नाही, तर? पत्रकात तेही होतं. वाढदिवसापर्यंत अर्ज दाखल झाला नाही तर पुढच्या वर्षीच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागेल. कारखान्याचा विमा तर वाढदिवसालाच, नोकरीबरोबर संपत होता. पुढच्या वर्षापर्यंत थांबायला ही कळ तयार आहे का, ते तिला माहीत नव्हतं.

*

"तुझा राखाडी कोट काढ," शनिवारी धाकटी म्हणाली. "केंद्रावर जायचंय, जरा बेतशीर करते."

थोरली कोट घालून मशीनजवळ उभी राहिली. धाकटीने तिच्या कमरेभोवती टेप धरला, मापांची वही उघडली, आणि पुन्हा एकदा टेप धरला.

"गेल्या हिवाळ्यात चौतीस होतीस. आज एकतीस."

"टेप ताणला गेला असेल तुझा."

"माझी कंबर काल याच टेपनं मोजली. ती नाही उतरली."

धाकटीने टेप खाली टाकला, कोट बाजूला केला आणि दोन बोटं बहिणीच्या उजव्या बरगडीखाली नेमकी दाबली. चाचपावंसुद्धा लागलं नाही. थोरलीच्या तोंडून आवाज निघाला, तो तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"कधीपासून?"

"दोन महिने. जास्तच."

"खांद्यापर्यंत जाते?"

"जाते."

"ओकारी?"

"दोनदा झाली."

धाकटीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. सहा होत्या.

"डॉक्टर?"

"जाऊन आले. ते म्हणाले, तिथे काही नाहीच."

धाकटी स्टुलावर बसली. बराच वेळ ती खणाच्या कडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "केंद्रावर मी जाते."

"कुठे जातेस?"

"तुझ्या जागी. त्यांना व्रण बघायचाय ना? माझ्याकडे आहे. वीतभर."

"एकदा केलं ते पुरे नाही झालं?"

"ताई, नीट ऐक. तू खरं सांगितलंस तर मी बाद, कदाचित तूही. काही न करता घरी बसलीस, तर..." ते वाक्य तिने तिथेच सोडलं. "आधी कार्ड हातात येऊ दे. पुढचं पुढे."

"पुढे काय? कुठल्याही डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला की दिसणारच."

"तेव्हा म्हणू, परत उगवलं."

थोरली हसली आणि हसताना तिला बरगडी धरावी लागली. बारीक अक्षरांतल्या ओळीबद्दल तिने तेव्हाही अवाक्षर काढलं नाही. धाकटीचा स्वभाव तिला ठाऊक होता. ती ओळ कळली असती तर त्याच क्षणी पेन घेऊन तिने स्वतःचं नाव लिहिलं असतं. म्हणून थोरली म्हणाली, "बरं. तू जा."

मग दोघींनी तयारी केली. जन्मतारीख, कारखान्याचा क्रमांक, नोकरीला लागल्याचं वर्ष. ओट्याशी भाजी चिरताना थोरली मध्येच विचारायची, "गुंडीला भोकं किती?"

"दोन नाहीतर चार."

"तीन असतात काहींना."

"तीन भोकांची गुंडी कोण लावतं?"

"तेच डॉक्टरनं विचारलं तर काय सांगशील?"

"सांगेन, मी फक्त तपासायची, लावायची नाही. लावायला धाकटी आहे."

पण जेवायला बसल्यावर धाकटी ताटाकडे न बघता बहिणीच्या घासांकडे बघायची. आणि जिन्यावर बुटांचा आवाज आला की दोघींचे हात एकदमच थांबायचे.

*

केंद्र एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर होतं. वाढदिवसाला नऊ दिवस राहिले होते. लांब दालन, लोखंडी बाकं, एक खिडकी, आणि कोपऱ्यात डॉक्टरांसाठी पडदा लावून केलेला आडोसा. पडदा जमिनीपासून हातभर वर होता आणि त्याच्या पलीकडचं सगळं पहिल्या बाकावर स्वच्छ ऐकू येत होतं.

राखाडी कोट धाकटीने घातला होता. तो तिने बेतशीर केलाच नव्हता. चौतीसचा तिला बरोबर बसत होता. थोरली तपकिरी स्वेटर घालून तिच्या शेजारी बसली होती. टोकन सेहेचाळीस. पडद्याआड पंचेचाळीस होता, एक निवृत्त ट्रकचालक.

"दारू?" डॉक्टरबाईंचा आवाज आला.

"कधीमधी."

"कधी म्हणजे किती आणि मधी म्हणजे किती?"

बाकावरची मंडळी हसली. धाकटीही हसली आणि पुन्हा ओठांतल्या ओठांत जन्मतारीख घोकू लागली. थोरलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सेहेचाळीस!" खिडकीवरच्या बाईने पुकारलं. "आजी, इकडे या. आधी फोटो, मग अंगठा, मग डॉक्टरबाई."

धाकटी उठली आणि दोन पावलांवर थबकली. "फोटो कशाला?"

"कार्डावर येतो ना. ते कागदाचं कार्ड गेलं आता." खिडकीवरच्या बाईने कॅमेऱ्याची मान वळवली. कामाचा तिला अभिमान दिसत होता. "ज्याचा चेहरा त्याचं कार्ड. रुग्णालयाच्या दारातच जुळवून बघतात. नाही जुळला तर आत घेतच नाहीत. पूर्वी कोणीही कोणाचं कार्ड घेऊन जायचं हो, तुम्हाला काय सांगू."

दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. तीन आठवडे त्यांनी पोटाचा विचार केला होता, तारखांचा केला होता, गुंडीच्या भोकांचासुद्धा केला होता. चेहरा दोघींच्याही डोक्यात आला नव्हता. त्यांच्या माहितीतल्या कार्डाला चेहराच नव्हता.

"माझा फोटो निघाला तर..." धाकटी पुटपुटली.

"तर कार्ड तुझं," थोरली तितक्याच हळू म्हणाली. "आणि दुखणं माझं."

"चल, घरी जाऊ."

"नऊ दिवस राहिलेत."

"आजी, बसताय ना? मागे लोक खोळंबलेत."

"आजी मी आहे," थोरली मोठ्याने म्हणाली. "सेहेचाळीस नंबर माझा. कोट दे गं माझा."

धाकटीने गुंड्या काढायला सुरुवात केली. तिसरी निघेना. आयुष्यभर ज्या बोटांनी गुंड्या लावल्या, ती त्या गुंडीवरून घसरत राहिली. शेवटी थोरलीनेच ती काढली.

"मग ह्या कोण?" खिडकीवरच्या बाईने विचारलं.

"धाकटी बहीण. माझे कपडे घालून मिरवायची सवय आहे तिला, लहानपणापासून."

बाई हसली. थोरली पांढऱ्या भिंतीपुढच्या स्टुलावर बसली. कोट तिच्या अंगावर दांडीवर टांगल्यासारखा लोंबत होता.

"हसू नका हं, फोटो बाद होतो."

"नाही हसत."

अंगठा उमटला. ट्रकचालक पडद्याआडून बाहेर आला आणि बुटाची नाडी बांधायला बाकावर बसला. "तू बाहेरच बस," असं धाकटीला बजावून थोरली आत गेली.

धाकटी पडद्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिला फक्त बहिणीच्या चपला दिसत होत्या. मग त्याही रिकाम्या झाल्या.

"झोपा. पोट मोकळं करा." कागद उलटल्याचा आवाज. "पित्ताशय काढलंय, पोट उघडून." कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज. "बाई, व्रण कुठे आहे?"

खाट करकरली.

"मी विचारतेय, व्रण..." आणि मग थोरलीचा तो आवाज, त्या शनिवारी माप घेताना निघाला होता तसाच.

"इथे दुखतं? किती दिवस झाले? श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या." डॉक्टरबाईंचा आवाज बदलला होता, त्यातली घाई गेली होती. "इथे माझ्या हाताला काहीतरी लागतंय. कागदावर तर इथे काही नाहीच."

"मला पेन द्या," थोरली म्हणाली. "पान सात, अगदी खालची ओळ. सही करायच्या आधी दुरुस्ती करता येते."

पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं.

"'ही शस्त्रक्रिया माझ्यावर झालेली नाही,'" डॉक्टरबाईंनी वाचलं. "बरं. आणि कारण?"

"कारण नाही."

"कारण लिहावंच लागतं. नाहीतर अर्ज अपुरा. अपुरा अर्ज मी पुढे पाठवू शकत नाही."

"मग अपुरा राहू द्या."

"बाई, मी काय म्हणतेय ते कळतंय का तुम्हाला? या पोटाची तपासणी थांबवून चालणार नाही. महिनाभरसुद्धा नाही."

"कळतंय. मी एकतीस वर्षं तपासणीतच होते."

पान सातवरच्या त्या ओळीबद्दल धाकटी पहिल्यांदाच ऐकत होती. ताईला ती ठाऊक होती. ताई ती घेऊन इथपर्यंत आली होती आणि आता त्या ओळीपाशी अडून बसली होती. कायमचा, पोस्टमन म्हणाले होते. म्हातारा होऊनही म्हातारा नाही. ती उठली तेव्हा आपण उठलोय हे तिला पडदा हातात आल्यावर कळलं.

"कारण मी आहे," ती म्हणाली आणि अंगातला सदरा वर केला. उजव्या बरगडीखाली वीतभर व्रण होता. कडेने टाक्यांच्या खुणा.

"मूर्ख!" थोरली खाटेवर उठून बसली. "बाहेर बस म्हटलं होतं ना तुला!"

"बसलेच होते. तू ओरडलीस."

पडदा उघडाच राहिला होता. ट्रकचालक उठला, आत न बघता त्याने तो ओढून घेतला आणि खिडकीकडे जाऊन उगाच काहीतरी विचारू लागला, मोठ्या आवाजात.

डॉक्टरबाईंनी एका पोटाकडे बघितलं, मग दुसऱ्या. त्या चिडल्या नाहीत आणि विरघळल्याही नाहीत. "मी जे पाहिलं तेच लिहिणार," त्या म्हणाल्या. "दोन्ही पोटांचं."

"लिहा," धाकटी म्हणाली. "माझा हक्क जाईल का?"

"ते मी ठरवत नाही."

"मग कोण?"

"तिसरा मजला."

*

दोघी बाहेर आल्या त्या दोन कागद घेऊन. थोरलीचा अर्ज दुरुस्त होऊन, कारण लिहून, सही होऊन दाखल झाला होता. पण मंजुरी चौकशीनंतर. तिच्या कागदावर होतं : पोटाची सोनोग्राफी, पहिला मजला, सोमवार. कारखान्याचा विमा अजून आठवडाभर चालणार होता, तेवढ्यात ती उरकायची होती. धाकटीच्या कागदावर होतं : जबाब, तिसरा मजला, सोमवार. सोबत पुरावा असल्यास आणावा.

"तुझी वेळ किती?" पायऱ्यांवर थोरलीने विचारलं.

"दहा. तुझी?"

"दहा."

धाकटी थांबली. "मी आधी तुझ्याजवळ थांबते. मग वर जाते."

"आणि तिकडे हजर नाही राहिलीस, तर तुझं म्हणणं न ऐकताच निकाल देतील. आहे तसं, पान आठवर."

"सगळं वाचतेस. सांगत मात्र काही नाहीस."

घरी पोस्टमन जिन्यात उभे होते. "झालं का काम?" त्यांनी विचारलं. दोघी एकदमच "झालं" म्हणाल्या आणि वर गेल्या.

रविवारी दुपारी धाकटीने कोट मशीनवर घेतला. "एकतीसवर आणते."

"मशीन नको," थोरली पलंगावरून म्हणाली. "हातानं घाल. कच्चा टाका."

"का?"

"पुन्हा उसवायला लागेल."

धाकटीने सुईत दोरा ओवला.

सोमवारी दहाला पाच मिनिटं असताना दोघी पहिल्या मजल्यावर पोचल्या. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, शेवटी लाल दिवा. थोरलीने बहिणीचा हात सोडला आणि एकदाही मागे न बघता चालू लागली. धाकटीला अजून दोन मजले चढायचे होते. तिच्या मुठीत खड्यांची बाटली होती, पुरावा म्हणून. ती कितीही घट्ट धरली तरी प्रत्येक पायरीला आतले एकोणीस खडे वाजत होते.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पोचली तेव्हा खालच्या बोळातून कोणीतरी नाव पुकारलं. ते नाव एकदा तिनेही लावलं होतं. सवयीने तिच्या घशात 'ओ' आला आणि तिथेच राहिला.

"कोण आहे?" खालून पुन्हा विचारलं गेलं.

"मी," थोरली म्हणाली. "मीच आहे."

दार लागल्याचा आवाज आला. धाकटी उरलेल्या पायऱ्या चढू लागली.